सुरत ते दीव, मधे एक नारळ

जाळं शिवायला बसलं की हात अडकतात आणि तोंड मोकळं राहतं. म्हणून पालघरकडच्या आमच्या दांडी गावच्या शेडमध्ये किस्से साठतात. मुद्दाम कोणी आणत नाही. जाळ्यात मासळीबरोबर कधी चप्पल येते, कधी बाटली येते, एकदा तर अख्खी प्लास्टिकची खुर्ची आली होती. मासळी विकून जाते, बाकीचं कोपऱ्यात पडून राहतं. किस्स्यांचं तसंच. गेल्या श्रावणापासून आमच्या कोपऱ्यात सगळा ढीग विमानाचाच आहे. आणि मजा म्हणजे, तोवर शेडमधल्या एकानंही विमानात पाय ठेवलेला नव्हता!

हा ढीग लागला जानू तांडेलामुळे. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. जानूनं बोट सोडून बरीच वर्षं झाली, पण तांडेल हे नाव काही सुटत नाही. मी नथू. त्याच्या बोटीवर जन्मभर खलाशी होतो. आता दोघं शेजारी बसून जाळी शिवतो, आणि तो अजून मला हुकूम सोडतो.

जानूची थोरली बहीण मणीबाय दीवला दिलेली, वणाकबारा गावात. म्हणजे खंभातच्या आखाताच्या पार पलीकडच्या काठाला. एवढ्या लांब का दिली? तर जानूच्या बापाची बोट एकदा वादळात तिकडे लागली. तिथल्या तांडेलानं सगळ्यांना घरी नेऊन जेवू घातलं. वादळ काही हटेना. हे रोज जेवतायत, ते रोज वाढतायत. शेवटी बापाला लाज वाटायला लागली, आणि निघताना त्यानं त्यांच्या पोराला आपली मुलगी देऊन टाकली.

जानू अजून म्हणतो, "वादळ दोन दिवसांत थांबलं असतं, तर बाय आज पालघरात असती!"

*

दरवर्षी नारळी पुनवेच्या आधी मणीबायची राखी पोस्टानं यायची. गेल्या साली राखीच्या ऐवजी फोन आला.

"जान्या, यंदा राखी पोस्टात टाकणार नाय."

"का गं बाय? माझं काय चुकलं?"

"माझा हात थरथरतो. पुढल्या साली गाठ मारता येल का नाय, कोणाला ठावं. यंदा मनगट घेऊन ये!"

आणि फोन ठेवून दिला. जानू दिवसभर एकच भोक शिवत बसला. संध्याकाळी बघतो तर त्यानं स्वतःचा शर्ट जाळ्याला शिवला होता.

जायचं तर होतं. पण कसं? जानूच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलंय, फार वेळ बसायचं नाही. रेल्वेनं आणि बसनं जायचं तर आखाताला वळसा, एक दिवस नि एक रात्र. बोटीनं जायचं नाव काढलं की मुलगा ओरडतो. त्यात मणीबायचा नियम असा, की घरात दिवा लागला की त्या दिवसाची राखी संपली. उजेड असेतोवर पोचलं तर पोचलं.

तेव्हा जानूची सून वैशाली बोलली. ती बोईसरला एका कंपनीच्या ऑफिसात आहे. म्हणाली, "बाबा, सुरतेहून दीवला विमान जातं. तासाभराच्या आत."

जानूनं तिच्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं आणि विचारलं, "भरतीला का ओहोटीला?"

"बाबा, विमानाला भरती नसते."

"मग त्याला निघायचं कधी, ते सांगतं कोण?"

*

सुरत ते दीव अंतर किती, यावर शेडमध्ये दोन दिवस गेले. जानू म्हणाला, वारा सरळ असला तर शिडाच्या बोटीनं रात्रभराचं. मी म्हणालो, वारा सरळ मी कधी बघितलाच नाही. हरेश्वर म्हणून एक आहे आमच्यात, बोईसर स्टेशनला रिक्षा चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये येऊन सगळ्या जगाची माहिती देतो. त्यानं डोळे मिटून हिशोब केला आणि म्हणाला, "अंतराचं काय नाय, तांडेलकाका. रिटर्न भाडं भेटणार का, ते बघायचं!"

वैशालीनं फोनवर नकाशा काढून दाखवला. सुरतेवर बोट ठेवलं, दीववर ठेवलं, आणि मधे सरळ रेघ आली.

जानू खवळला. "सरळ? या पाण्यात सरळ कोण जातं? मधे वाळूचे बांध हायत! मोठमोठ्या बोटी बसल्यात तिथं!"

"बाबा, विमान वरून जातं."

"वरून जातो, वरून जातो म्हणणारे किती खाली बसलेत, ते मला विचार!"

*

तिकीट काढायची वेळ आली. वैशाली म्हणाली, "बाबा, तुम्हाला खिडकी पाहिजे का?"

"मला मागची जागा पाहिजे. अगदी शेवटची."

"मागे कशाला? पुढे बसा, उतरायला बरं."

"तांडेल मागंच बसतो. सुकाणू मागं असतं."

वैशालीनं समजावलं, की विमानाचं सुकाणू पायलटच्या हातात असतं आणि पायलट पुढे बसतो. जानूला ते पटेना. मला बाजूला घेऊन म्हणाला, "नथू, पुढं बसतो तो ड्रायव्हर. मागं कोण बघतंय?"

मी म्हणालो, "मागं तू हायस ना."

"म्हणून तर सांगतोय, मागची काढ!"

एकट्याला सोडायचं नाही असं घरात ठरलं, म्हणून माझंही तिकीट निघालं. मला कुठं बसायचंय ते कोणी विचारलं नाही. खलाशाला विचारत नाहीत.

*

आता खरी पंचाईत. नारळी पुनवेला आमच्याकडे तांडेल गावातच पाहिजे. समुद्राला नारळ द्यायचा, मग बोटी लोटायच्या. आणि हा त्याच दिवशी उडून जाणार! बायका चिडल्या. जानूची वहिनी, पार्वतीवहिनी, तर दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, दर्याला कोण सांभाळणार? तुमचं विमान?"

तेवढ्यात हरेश्वरला सुचलं. म्हणाला, "वहिनी, आपण काठावरून नारळ टाकतो. तो भरतीबरोबर परत काठालाच येतो. मग पोरं तो फोडून खातात. विमान जातंय आखाताच्या मधोमध! तिथं टाकला तर थेट दर्याच्या घरात!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढा चांगला विचार आमच्या शेडमध्ये याआधी झाला नव्हता. पार्वतीवहिनीसुद्धा वरमली. मग गावाचा एक नारळ किनाऱ्याला राहिला, आणि दुसरा, हळदकुंकू लावून, सोनेरी कागदात गुंडाळून, जानूच्या पिशवीत गेला.

मी हळूच विचारलं, "खिडकी उघडते का पण?"

हरेश्वर म्हणाला, "एसी असेल. काच बंद असते. ड्रायव्हरला सांगायचं, जरा खाली कर. माझ्या रिक्षात बसणारे नाय का सांगत?"

"तुझ्या रिक्षाला काच कुठे आहे?"

"म्हणून तर मला कोण त्रास देत नाय!"

*

मणीबायसाठी सुके बोंबील आणि सोडे न्यायचे होते. वास येऊ नये म्हणून पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, आणि शेवटी सगळं निळ्या झाकणाच्या ड्रममध्ये. हरेश्वरनं आम्हाला पहाटे बोईसर स्टेशनला सोडलं. सुरतेपर्यंत वैशाली बरोबर आली.

विमानतळावर सामान घेणारा पोरगा गुजराती होता. गळ्यात तुळशीची माळ. त्यानं ड्रमकडे बघून विचारलं, "काका, इसमें क्या है?"

"बहन के वास्ते खाऊ है," जानू म्हणाला.

"खोलो."

मी म्हणालो, "तांडेल, नको." पण हुकूम झाला होता. झाकण उघडलं.

तो पोरगा दोन पावलं मागे गेला. मग तीन. रांगेतली एक बाई साडीचा पदर नाकाला लावून वळली. "बंद करो! बंद करो काका! भगवान के लिए बंद करो!"

बाकीच्यांचं सामान पट्ट्यावरून सावकाश गेलं. आमचं तिथल्या दोघा हमालांनी उचलून पळवत नेलं. जानू माझ्याकडे बघून खूश. "बघितलंस? तांडेलाचा मान सगळीकडे हाय!"

*

मग तपासणी. पिशवी मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. वर्दीतल्या बाईंनी नारळ बाहेर काढला.

"चाचा, नारियल अंदर नहीं जाएगा."

जानूनं आपलं सगळं हिंदी गोळा केलं. "अंदर किसको ले जाने का है? बीच में फेंकने का है!"

बाईंचा हात थांबला. "क्या फेंकने का है?"

"नारियल."

"कहाँ से?"

"खिडकी से."

आणखी दोन वर्दीवाले आले. मी टोपी काढून हातात घेतली. मागे रांग वाढत होती आणि जानू त्या तिघांना हातवारे करून समजावत होता, की विमान मधोमध आलं की जरा सावकाश घ्यायचं, थांबायची गरज नाही, तो चालत्या गाडीतूनही टाकेल.

बाईंनी ओठ दाबून धरले होते. म्हणाल्या, "चाचा, विमान की खिडकी खुलती ही नहीं."

जानू माझ्याकडे वळला. "बघ! मी सांगितलं होतं हरेश्वरला, आधी चौकशी कर म्हणून!"

पण नारळ सोडून तो पुढे जाईना. हळदकुंकू लावलेला नारळ कचऱ्याच्या टोपलीत कसा टाकायचा? तिकडे विमानाची वेळ होत आलेली. "बायला सांग, मी आलो नाय," एवढंच म्हणाला आणि बाकावर बसला. कमरेला हात लावून बसला होता, पण कळ कमरेची नव्हती.

त्या बाईंनाच शेवटी राहवलं नाही. त्यांनी एका माणसाला नारळ घेऊन बाहेर पाठवलं. वैशाली दारापाशीच थांबली होती. तिला फोन करून सांगितलं, इथून डुमसचा किनारा जवळ आहे, तिथं जाऊन समुद्राला दे. ती बिचारी ऑफिसला दांडी मारून आलेली, आता नारळ घेऊन रिक्षा शोधायला गेली.

मी जानूला म्हणालो, "झालं ना? समुद्र काय, सगळीकडे एकच."

"एकच?" जानू म्हणाला. "मग बोटीचे परवाने वेगवेगळे कशाला?"

*

आत जाऊन बसलो आणि पाऊस लागला. असा लागला की काचेबाहेर विमान दिसेना. घोषणा झाली, उशीर आहे. किती, ते कोणी सांगेना.

जानू काचेला नाक लावून उभा राहिला. पंधरावीस माणसं होती सगळी. एकीनं विचारलं, "काका, तुम्ही समुद्रावरचे ना? कधी उघडेल?"

जानूनं ढग बघितले. मान तिरकी केली. हवेत बोट धरलं, तेही एसीच्या हवेत. म्हणाला, "अर्ध्या तासात लख्ख!"

माणसं खूश झाली. एकानं त्याला चहा आणून दिला. एकानं घरी फोन करून कळवलंसुद्धा. अर्धा तास झाला आणि पाऊस दुप्पट झाला! सगळ्यांनी हळूहळू माना वळवून जानूकडे बघितलं.

जानू चहा संपवत म्हणाला, "मी दांडीचा पाऊस सांगितला. इथला मला काय ठावं?"

पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. दुपार कलत चालली. मणीबायचा दिवा कधी लागेल, त्याला आठवत होतं. मला म्हणाला, "तिला फोन लाव." फोन तिच्या मुलानं, कांतीनं उचलला. म्हणाला, "आई घरात कुठली? नवीन लुगडं नेसून सकाळीच बाहेर पडलीय तुम्हाला घ्यायला! तुम्हीच म्हणालात ना, समुद्रावरून सरळ येतो म्हणून?"

जानूनं फोन ठेवला, आणि काचेबाहेरच्या पावसाला एक अशी शिवी दिली की शेजारच्या बाईनं पोराचे कान झाकले.

*

शेवटी उघडलं. पंख्याचं छोटं विमान. आमच्या बोटीवर याहून जास्त माणसं बसायची. जानूला अगदी मागची जागा मिळाली होती. बसल्या बसल्या त्यानं मान वळवून मागं बघितलं. मागे भिंत. समाधान झालं नाही.

नारळ गेला तरी हात जोडायचे होतेच. विमानातल्या मुलीला त्यानं बोलावलं. "बेटी, बीच समुंदर आयेगा तो बोलना."

ती चांगली पोर. ढगातून वर आल्यावर थोड्या वेळानं येऊन म्हणाली, "अंकल, अभी बीच में हैं."

जानूनं डोळे मिटले, हात जोडले आणि सुरुवात केली. आमच्यात असं आहे, की दर्यापुढे उभं राहिलं की गावातल्या एकेका बोटीचं नाव घ्यायचं. आधी बोट, मग तिचा तांडेल, मग त्याचा बाप. सावकाश. घाई केली तर दर्याला ऐकू जात नाही. मीही डोळे मिटून बसलो. उत्तरेकडच्या आळीच्या बोटी झाल्या. मधल्या आळीच्या लागल्या. एवढ्यात खाली धाडकन आवाज झाला, आम्ही दोघं पुढच्या सीटवर आपटलो, आणि सगळं विमान खडखडायला लागलं.

जानूनं माझा हात धरला. "नथू, बसलं! बांधावर बसलं! मी सांगितलं होतं!"

मी खिडकीतून बघितलं. गवत होतं. "तांडेल, दीव आलं."

त्याला खरंच वाटेना. "आलं? एवढ्या वेळात आमच्या बोटीचा नांगर वर येत नाय!" मग त्या पोरीला हाक मारली. "बेटी, दक्षिणेची आळी राहिली! परत मधे जायला लागेल!"

ती म्हणाली, "रिटर्न में, अंकल."

*

बाहेर आलो. मणीबाय नाही. विमानतळ छोटा, एका नजरेत सगळा दिसतो. नवीन लुगड्यातली म्हातारी कुठंच नाही. जानू दोनदा आत जाऊन आला. उन्हं तिरपी झाली होती. ड्रम उचलला आणि रिक्षा करून वणाकबाऱ्याला गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मणीबाय? ती तर सकाळपासून जेट्टीवर बसलीय!"

आम्ही जेट्टीवर गेलो. सगळ्या बोटी रंगवलेल्या, फुलं बांधलेल्या. पुढे एका उलट्या होडीवर मणीबाय बसली होती. मांडीवर प्लास्टिकनं झाकलेलं ताट, डोक्यावर छत्री, तोंड समुद्राकडे. शेजारी कांती उभा होता, घरी चल म्हणून सांगून सांगून थकलेला.

"बाय!" जानूनं मागून हाक मारली.

तिनं मान वळवली. जानूला डोक्यापासून खालपर्यंत बघितलं. परत समुद्राकडे तोंड केलं.

"बाय, मी आलो."

"समुद्रावरून येतो म्हणालास."

"समुद्रावरूनच आलो!"

"मी सकाळपासून समुद्राकडे बघतेय. तू नाय आलास. कुत्रं नाय आलं."

"अगं वरून आलो! विमानानं!"

मणीबाय खाली वाकली आणि जानूच्या पायाला हात लावून बघितला. "सुके हायत," म्हणाली. "माझा भाऊ दर्यावरून येतो. सुक्या पायांचा कोण हायस तू? जा, रिक्षात बस."

कांती हसायला लागला, तर तिनं त्याला एक ठेवून दिली. उन्हं पाण्याला टेकत आली होती. मागे गावात एका घरी दिवा लागलासुद्धा. जानू ताटाकडे बघत होता. ताटात राखी, पेढा, आणि भिजून विझलेलं निरांजन.

जानूनं कमरेचा पट्टा घट्ट केला. "नथू," म्हणाला, "होडी."

जन्मभराची सवय. मी विचारलं नाही. कांतीची होडी पाण्यातच बांधलेली होती. मी नि कांतीनं जानूला उचलून आत ठेवला, तो "आई गं" म्हणाला, आणि सरळ मागं जाऊन बसला. मी वल्हं मारलं. बोटींच्या पलीकडे, बंदराच्या तोंडापर्यंत नेली. तिथं जानूनं हात वर केला, म्हणजे वळ. मी वळवली.

तेव्हा मणीबाय उभी राहिली. छत्री टाकून दिली. एक हात कपाळावर धरला, आणि ती आमच्याकडे बघायला लागली, जशी आत्ताच कोणाची बोट दिसलीय. मग ओरडली, "कांती! मामा आला तुझा! आरती पेटव!"

काठाला लागायच्या आधीच जानू उतरला. गुडघाभर पाण्यातून चालत आला. ओल्या पायांनी तिच्यापुढे बसला. तिचा हात खरंच थरथरत होता. तीनदा गाठ सुटली. चौथ्यांदा तिनं एक टोक दातात धरलं आणि ओढून मारली, जाळ्याला मारतात तशी. जानू नाक ओढत होता.

मणीबायनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. राखीवरून बोट फिरवून बघितलं. मग त्याच्या मागे, समुद्राकडे, एक नजर टाकली आणि म्हणाली,

"आणि विमान कुठं बांधलंस रे? भरती लागलीय."